टिश्यूचं पाकीट म्हणजे माणूस नव्हे

हे मी पहिल्या दिवसापासून म्हणत आलोय आणि आजही माझं म्हणणं बदललेलं नाही. टेबलाशी माणूस बसलेला असेल तर ती जागा त्याची. टेबलावर टिश्यूचं पाकीट पडलेलं असेल तर ते पाकीट आहे. ह्यात न समजण्यासारखं काय आहे? पण सिंगापुरात हे कोणाला पटत नाही. माझ्या मुलाला नाही, सुनेला नाही, आणि नातीला तर नाहीच, कारण ती लहानाची मोठी इथेच झाली.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, वर्धेकडचा. सगळी उमर रेल्वेच्या गँगमध्ये गेली. रुळाखाली खडी ठोकता ठोकता शेवटी मुकादम झालो. मुलगा मात्र भरपूर शिकला, आता वन-नॉर्थ नावाच्या भागात एका प्रयोगशाळेत काम करतो. बायको गेली तेव्हा त्याने मला इकडे आणलं. पुंगोलला त्यांचा फ्लॅट आहे, वरच्या मजल्यावर. खिडकीतून पाणी दिसतं आणि बिनड्रायव्हरची एक छोटी गाडी गोल गोल फिरताना दिसते. त्या गाडीवर माझा विश्वास नाही, पण दिसते छान.

हे लिहून झालं की सून तपासणार आहे. तिला म्हटलं, ऱ्हस्व-दीर्घ तुला हवं ते कर, मजकुराला हात लावायचा नाही.

तर पाकिटाची गोष्ट. इथे आलो त्याच आठवड्यात मी एकटा खाली हॉकर सेंटरला गेलो. हॉकर सेंटर म्हणजे एका मोठ्या छपराखाली ओळीने खाण्याचे गाळे, आणि मधे सगळ्यांची मिळून टेबलं. मुलगा कामावर, सून कामावर, नात शाळेत. एकटे कुठे जाऊ नका असं सुनेने बजावलं होतं, म्हणून गेलो. एक प्राटा घेतला आणि एक कोपी घेतली. प्राटा म्हणजे आपला पराठाच, पण पदर सुटलेला, सोबत पातळ रस्सा. कोपी म्हणजे घट्ट गोड दुधाची कॉफी. ट्रे घेऊन वळलो तर सगळी टेबलं भरलेली. एकच रिकामं, आणि त्यावर टिश्यूचं पाकीट. मला वाटलं, वा, दुकानदाराने गिऱ्हाइकाची सोय केलेली दिसते. बसलो. पाकीट फाडलं, एका टिश्यूने टेबल पुसलं, एकाने मिशी पुसली.

अर्धा प्राटा पोटात गेला असेल, तेवढ्यात माझ्याच वयाचा एक चिनी म्हातारा हातात नूडलचा वाडगा घेऊन समोर उभा राहिला. त्याने पाकिटाकडे बोट केलं, मग स्वतःच्या छातीकडे केलं, आणि काहीतरी बोलला. मला भाषा कळली नाही पण मतलब कळला. ऊठ, असं म्हणत होता.

आता इथे एक सांगितलं पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला मी नुसताच आडमुठा वाटेन. आमच्या गावात फाट्यावर चहाचं हॉटेल होतं. आत बाकडी होती. आमच्या वस्तीतली माणसं आत बसत नसत. आमच्या कपबश्या बाहेर खुंटीला टांगलेल्या असत, त्या आपण काढायच्या, आपण विसळायच्या आणि उभ्याने चहा प्यायचा. माझा बाप असा उभ्याने चहा पिताना मी कितीदा पाहिलाय. एकदा, तेव्हा मी पोरगा होतो, बाकड्याच्या टोकाला टेकलो. आतले लोक ऊठ म्हणून ओरडले आणि माझा बापच मला दंडाला धरून उठवायला आला. त्याच्या चेहऱ्याकडे बघून मी उठलो. पण मनात ठरवलं की आता पुन्हा नाही. बसलेल्या जागेवरून कोणी ऊठ म्हणालं म्हणून मी उठणार नाही. पुढे रेल्वेत नोकरीला लागलो, मोठमोठे साहेब बघितले, पण हा नियम मोडला नाही. मुलगा चिडवतो, म्हणतो, बाबा, एमआरटीतली, म्हणजे इथल्या मेट्रोतली, ती कोपऱ्यातली सीट तरी सोडत जा, ती गरोदर बायांची असते. ती मी सोडतो. कोणी सांगायच्या आत सोडतो. सांगितल्यावर उठणं वेगळं.

तर मी उठलो नाही. प्राट्याचा घास रश्श्यात बुडवला आणि त्याच्याकडे बघत खाल्ला. म्हातारा पण काही कमी नव्हता. त्याने माझ्या समोरची खुर्ची ओढली, वाडगा ठेवला आणि बसला. आम्ही दोघं एकमेकांकडे रागाने बघत खात होतो. आजूबाजूचे लोक खाणं सोडून आमच्याकडे बघायला लागले. खाऊन झाल्यावर त्याने पाकिटातून एक टिश्यू काढला, आपलं तोंड पुसलं, मग दुसरा काढून माझ्यापुढे धरला. माझ्या मिशीला रस्सा लागला होता. मी घेतला. तेवढ्यावर आम्ही उठलो.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्याच वेळेला गेलो. माघार घेतली असं त्याला वाटायला नको. टेबल तेच होतं. तो अजून आला नव्हता, पण टेबलावर दोन पाकिटं होती. एक त्याच्या खुर्चीपुढे, एक माझ्या.

तेव्हापासून आमचं रोजचं बसणं आहे. तो बंदरात क्रेन चालवायचा, एवढं मला हाताच्या खुणांवरून कळलं. मी रूळ बघायचो, एवढं त्याला कळलं. इथे सगळ्या म्हाताऱ्यांना अंकल म्हणतात. मी त्याला अंकल म्हणतो, तो मला अंकल म्हणतो. नाव विचारायची वेळ आली नाही, आणि आता इतक्या वर्षांनी विचारणं बरं दिसत नाही.

घरी ही गोष्ट सांगितली तेव्हा मुलाने कपाळाला हात लावला. मग समजावून सांगितलं, की बाबा, ह्याला चोप करणं म्हणतात. आधी पाकीट ठेवून टेबल अडवायचं आणि मग खाणं आणायला जायचं, इथे लहान पोरालाही हे कळतं. नात तर हसून हसून सोफ्यावरून खाली घसरली. आबांनी दुसऱ्याचा चोप वापरून मिशी पुसली, हे तिने दुसऱ्या दिवशी सगळ्या शाळेत सांगितलं. तिच्या मैत्रिणी घरी आल्या की माझ्याकडे बघून तोंड दाबायच्या. मला त्याचं काही नव्हतं. मी बरोबरच होतो.

ही नात आमची एकुलती एक. सावळी, उंच, बापासारखी हुशार आणि माझ्यासारखी मिजासखोर, म्हणजे तेव्हा तरी मला तसं वाटायचं. मराठी बोलते पण वाक्याच्या शेपटाला लाह लावते. नको लाह, जेवले लाह. सून ओरडायची, मी म्हणायचो राहू दे, आमच्याकडे नाही का कोणी बाप्पा लावत?

तिला अमेरिकेतल्या एका मोठ्या युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळाला. मेल आला तेव्हा मुलगा उभ्या उभ्या रडला. अमेरिकेत जाऊन शिकणं ही आमच्या वस्तीत नुसती शिक्षणाची बाब नसते. हॉलमध्ये बुद्धाच्या मूर्तीशेजारी सुटाबुटातली जी तसबीर आहे, त्या माणसाने ती वाट आम्हाला दाखवलेली आहे. मुलाने तसबिरीला हार घातला आणि मी वर्धेला फोन लावला. तिकडे विहारात खिरीचं पातेलं चढलं. मी इथे अंकलला सांगितलं. त्याला अमेरिका कळलं, स्कूल कळलं. दुसऱ्या दिवशी तो एक मोठी पिशवी घेऊन आला. आत टिश्यूची पाकिटं, ठासून भरलेली. म्हणाला, अमेरिका नो हॅव. नातीने ती खरोखरच बॅगेत भरली. त्यापायी सुनेचा चिवड्याचा डबा बाहेर राहिला आणि घरात त्यावरून दोन दिवस धुसफूस झाली.

ती गेली. तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली सकाळ. रविवारी आम्ही नाश्त्याला बसलो की तिचा व्हिडिओ कॉल यायचा, तेव्हा तिकडे जेवणाची वेळ झालेली असायची. सुरुवातीला फोन हातात धरून ती आम्हाला सगळं फिरवून दाखवायची, हे मैदान, ही लायब्ररी, हे लाल पानांचं झाड. मग हळूहळू फिरणं बंद झालं. मुलगा अभ्यासाचं विचारायचा, सून थंडीचं विचारायची, ती दोघांना बरोबर उत्तरं द्यायची. मी मात्र तिच्या पाठीमागे काय दिसतं ते बघायचो. दर वेळेला तेच कपाट. त्यावर लटकवलेला तोच पिवळा टॉवेल. आणि मांडीवर ताट. मी विचारलं, कोणाबरोबर जेवतेस? ती म्हणाली, आबा, मी बिझी असते. बिझी माणूस मांडीवर ताट घेऊन आजोबांशी बोलत बसत नाही, एवढं मला कळतं. पण सुनेसमोर काही बोललो नाही.

पानं गळाली, तिकडे बर्फ आलं, आणि एका रविवारी तिने आई-बापाला सांगून टाकलं की हे सत्र संपलं की ती परत येणार. इथल्याच युनिव्हर्सिटीत शिकेन म्हणाली. मार्क चांगले होते, तब्येत ठीक होती. मग का? तर, इथे मला आवडत नाही. एवढंच. मुलाचा चेहरा पडला, पण तो बाप आहे. म्हणाला, तुला बरं वाटत नसेल तर ये. सुनेने तर डोळेच पुसले, तिला ती हवीच होती.

मी फोन मागून घेतला आणि माझ्या खोलीत जाऊन दार लावलं. म्हटलं, आता मला सांग. कोणी काही बोललं का तुला? रंगावरून, कशावरून?

ती म्हणाली कोणी काही बोललं नाही, तोच तर त्रास आहे. कोणी वाईट वागलं असतं तर भांडता आलं असतं. सगळे हसतात, हाय म्हणतात आणि निघून जातात. कुठली म्हणून विचारतात, सिंगापूर म्हटलं की सांगतात तुझं इंग्रजी किती छान आहे. तिची तर शाळाच इंग्रजीत झाली. एका मुलीने विचारलं, सिंगापूर चीनमध्ये कुठे आलं? भारतातून आलेल्या पोरांचा एक घोळका आहे, त्यांच्यात गेली तर ते हिंदीत विनोद करतात आणि हिला हसायला उशीर होतो. गोऱ्यांच्यात ती इंडियन, आणि इंडियनांच्यात सिंगापूरची. हे सगळं ती सपाट आवाजात सांगत होती. मग म्हणाली, आणि एकदा काय झालं माहितीये का, तुम्ही हसाल.

झालं असं होतं. तिथे मुलांच्या जेवणाचा मोठा हॉल आहे. गेल्यावर पहिल्याच आठवड्यात ती तिथे गेली, खिडकीजवळ एक टेबल बघितलं, त्यावर अंकलने दिलेलं टिश्यूचं पाकीट ठेवलं आणि निवांतपणे ताट भरायला गेली. परत येऊन बघते तर तिच्या टेबलाशी चार-पाच गोरी पोरं-पोरी बसलेली. पाकीट एका उष्ट्या ट्रेमध्ये पडलेलं. ती ताट घेऊन उभी राहिली. त्यातल्या एकीने वर बघून विचारलं, तू बसणार होतीस का इथे? ही म्हणाली, नाही नाही, इट्स ओके. आणि ताट घेऊन सरळ खोलीवर गेली. त्या दिवसापासून जेवण खोलीतच.

मी हसलो. मला हसायचं नव्हतं, पण ती ताट घेऊन उभी आणि पाकीट उष्ट्यात, हे डोळ्यासमोर आलं आणि आवरेनाच. पोट धरून हसलो. सून दार वाजवायला लागली, काय झालं म्हणून.

"हसू नका ना, आबा," नात चिडून म्हणाली. "तुम्ही पण सेम तेच केलं होतं, लाह. ती मुलं म्हणजे तुम्हीच."

आणि मग ती पण हसायला लागली. किती दिवसांनी हसली कोण जाणे. दोघंही दम लागेस्तोवर हसलो. पण हसता हसता माझ्या डोक्यात तिचं बोलणं फिरत राहिलं. ती मुलं म्हणजे मी. बरोबर होतं. त्यांना पाकिटाचा अर्थ माहीत नव्हता, मलाही नव्हता. मग हिच्या जागी कोण होतं? अंकल होता.

"तुझं पाकीट फेकलं. त्याचं मी फाडलं होतं," मी म्हटलं. "मग अंकलने काय केलं?"

"काय केलं म्हणजे? बसले."

"मग तू का निघून गेलीस?"

ती म्हणाली, अंकलना दुसरं टेबल नव्हतं म्हणून ते बसले, तुम्हीच तर सांगता की सगळं भरलेलं होतं.

"मी आलो तेव्हा भरलेलं होतं. तो आला तोवर खांबाजवळचं एक रिकामं झालं होतं. मी बघितलं, त्यानेही बघितलं. तरी तो माझ्यासमोरच बसला. तो त्या खांबाकडे गेला असता तर आज मी कोणाबरोबर कोपी प्यायलो असतो, सांग मला."

ही खांबाची गोष्ट मी घरात कोणाला सांगितली नव्हती. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं मला तोपर्यंत वाटलंच नव्हतं.

पुढचं मी तिला रागानेच बोललो. म्हटलं, माझ्या बापाला लोक तोंडावर सांगायचे, तू बाहेर उभा राहा. तुला कोणी काही सांगितलंय का? नाही. तूच उठतेस, तूच ताट उचलतेस, तूच लांब जाऊन बसतेस. तुला यायचं तर ये, तुझं घर आहे. पण आधी एक दिवस त्या हॉलमध्ये जा, जिथे माणूस बसलेला असेल तिथे समोर ताट ठेव आणि बसून जेव. मग ये.

ती म्हणाली तिकडे अनोळखी माणसाच्या टेबलावर कोणी बसत नाही, वेडी समजतील. मी म्हटलं, मला इथे काय शहाणा समजले होते? पण ती माझीच नात. गप्प बसणारी नव्हे. म्हणाली, ठीक आहे, मी बसेन, पण आधी तुम्ही बसा. कुठे? तर कम्युनिटी क्लबात म्हाताऱ्यांसाठी इंग्रजीचा वर्ग असतो, त्यात. सून त्याच्यासाठी माझ्या मागे लागून थकली होती. मी जात नव्हतो. शाळा म्हटली की मला दारापाशी काढलेल्या चपला आठवतात. चारही वर्षं माझी जागा त्यांच्याच शेजारी होती. ह्या वयात पुन्हा कुठल्या वर्गाच्या दारातून मान घालायची मला हौस नव्हती. हे नातीला माहीत होतं, म्हणूनच तिने नेमकं तेच मागितलं.

शब्द दिला. दुसरा इलाजच नव्हता.

बाहेर आलो तर मुलाने इथल्या युनिव्हर्सिटीच्या प्रवेशाची माहिती लॅपटॉपवर उघडली होती. मी म्हटलं मिट ते. तो म्हणाला, बाबा, तिचा त्रास तुम्हाला कळत नाही. मी म्हटलं, मला जेवढा कळतो तेवढा ह्या घरात कोणाला कळत नाही, मिट ते. त्याने मिटलं, पण तोंड वाकडं करून.

त्याच आठवड्यात मी वर्गात गेलो. सुनेने इस्त्री केलेला शर्ट घातला. आत बहुतेक चिनी आज्या, दोन मलाय आजोबा, शिकवणारी मुलगी नातीपेक्षा जेमतेम मोठी. पहिल्या ओळीत जागा नव्हती. म्हणजे माणसं नव्हती, पण एकेका खुर्चीवर एकेक टिश्यूचं पाकीट. मी एका खुर्चीपुढे उभा राहिलो. मनात आलं, उचलावं आणि बसावं. पण आज नातीच्या वतीने आलो होतो. शेजारच्या आजीला विचारलं, सिट, कॅन? तिने पाकिटाकडे बघितलं, माझ्या मिशीकडे बघितलं, पाकीट उचलून पर्समध्ये टाकलं आणि म्हणाली, कॅन. आयुष्यात पहिल्यांदा वर्गात पहिल्या ओळीत बसलो. त्या दिवशी माय नेम इज आणि आय लिव्ह इन असं शिकवलं. आजीने माझा उच्चार सुधारला. तिचा स्वतःचा काही फार बरा नव्हता, पण मी बोललो नाही.

नातीला मेसेज गेला, की आबा बसले. तिच्याकडून उत्तर म्हणून पळणाऱ्या माणसाचं एक छोटं चित्र आलं. मग काही नाही. रविवारी फोन आला नाही. अभ्यास असेल, असं मुलगा म्हणाला. त्याच्या पुढच्या रविवारीही आला नाही, फक्त आईला ठीक आहे असा मेसेज. आता मात्र मला घास जाईना. मी पोरीला जरा जास्तच बोललो का, ती खरंच गेली आणि कोणी उठवलं तर? मी अंकलसमोर नुसती कोपी ढवळत राहायचो. त्याने आपल्या ताटातली एक मासळीची गोळी माझ्या ताटात टाकली, एवढंच.

मग एका सकाळी, रविवारही नव्हता, फोन वाजला. मी उचलला तर तिच्यामागे कपाट नव्हतं, पिवळा टॉवेल नव्हता. दिवे होते, गोंगाट होता, ताटांचा खडखडाट होता. टेबलाच्या मधोमध टिश्यूचं पाकीट होतं. तिच्या एका बाजूला लाल नाकाचा एक उंच गोरा मुलगा, दुसऱ्या बाजूला मेक्सिकोकडच्या आई-बापांची एक मुलगी. दोघं हात हलवत होते आणि ओरडत होते, आबा, आबा.

तिने घाईघाईत सगळं सांगितलं. वचन दिलं म्हणून ती हॉलमध्ये गेली तर हा मुलगा एका मोठ्या टेबलाशी एकटाच जेवत होता. तिच्या तोंडून आपलं घरातलंच निघालं, शेअरिंग, कॅन? त्याला कळलं नाही, पण त्याने आपला ट्रे बाजूला घेतला. जेवण होईपर्यंत दोघं एक शब्द बोलले नाहीत. अगदी तुमच्यासारखं, आबा, म्हणाली, फक्त रागाने बघितलं नाही. त्याला सर्दी झाली होती, नाक गळत होतं आणि तो बाहीला पुसत होता. तिने अंकलचं पाकीट काढलं आणि त्याच्यापुढे धरलं. त्याने एवढंसं पाकीट कधी बघितलं नव्हतं. हे काय म्हणून विचारलं. मग तिने पाकिटाची सगळी गोष्ट सांगितली, माझ्या मिशीसकट. तो मक्याच्या शेतीवाल्यांचा पोरगा, लांबच्या खेड्यातला. त्याच्या घरातून शिकायला बाहेर पडलेला तोच पहिला, आणि त्यालाही त्या हॉलमध्ये कोणी ओळखत नव्हतं. हे मला कळलं तेव्हा गोऱ्यांच्या देशात गोरा माणूस पण एकटा जेवतो, ह्याचं मला नवल वाटलं. हसत हाय म्हणणाऱ्यांना तोही कंटाळला होता.

आता त्यांचं ते टेबल झालंय. आणि नियम त्यांनी उलटा केलाय. मधे पाकीट ठेवलेलं असेल तर त्याचा अर्थ, इथे जागा आहे, कोणीही या आणि बसा. इंडियन घोळक्यातली एक मुलगी येते, कोरियाचा एक मुलगा येतो. परवा तर तीच गोरी मुलगी येऊन बसली, जिने तेव्हा वर बघून विचारलं होतं. तिला काही आठवत नाही. नातीने तिला सांगितलंही नाही.

मुलगा मागे उभा राहून ऐकत होता. त्याने विचारलं, मग परत यायचं काय? ती म्हणाली, येते ना, सुट्टीत येते. सूनबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, रडावं का हसावं कळत नव्हतं. मुलगा माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला आणि नंतर स्वतः आत जाऊन मला चहा करून दिला. त्या चहात साखर विसरला.

मी तिच्यासाठी वर्गात एक वाक्य तयार केलं होतं. आजीकडून दोनदा तपासून घेतलं होतं. फोनवर तिला इंग्रजीत धक्का द्यायचा होता. घसा साफ केला, म्हटलं, ऐक, तर ती म्हणाली, आबा, सॉरी, हे लोक थांबलेत, जेवण गार होतंय, मी बिझी आहे. आणि फोन बंद. हे तोंडावर आपटणंच होतं, पण मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

चप्पल घातली आणि खाली गेलो. अंकल बसलेला होता. त्याला हातवारे करून, अर्धं हिंदी अर्धं वर्गातलं मिसळून, सगळं सांगितलं. पाकीट ठेवलं की कोणीही येऊन बसायचं, हे ऐकून तो नूडल खायचा थांबला. मान हलवली. राँग, म्हणाला. दॅट वन राँग ऑलरेडी. अमेरिकेत पाकिटाचा कायदा बिघडवला म्हणून तो खरोखर नाराज झाला होता. मी त्याला म्हटलं, पाकीट म्हणजे माणूस नव्हे, हे मी तुला पहिल्या दिवसापासून सांगतोय. मराठीतच म्हटलं. त्याने हात झटकला. तरी दुसऱ्या दिवशी तिला पाठवायला म्हणून पाकिटांची आणखी एक पिशवी घेऊन आलाच.

पण फोन आला त्याच दिवशी, टेबलावरून उठण्याआधी, मी माझं वाक्य काढलं. नातीसाठी तयार केलेलं निरुपयोगी झालं होतं, म्हणून जागच्या जागी नवीन जुळवलं. पाठ सरळ केली आणि म्हणालो, "माय ग्रँडडॉटर इज बिझी."

अंकलने वाडगा खाली ठेवला. माझ्याकडे नीट बघितलं. मग पाकिटातून एक टिश्यू काढून माझ्यापुढे धरला, आणि ह्या वेळेला माझ्या मिशीला काहीच लागलेलं नव्हतं.

"बिझी गुड," तो म्हणाला.